अकरा पानं

पानावरचं भरीत पुरीनं जरा बाजूला सारलं आणि खाली लाल ऑइलपेंटमधला दोनचा आकडा दिसला. आकड्यांची शेपटं उगाच लांबवायची मला शाळेपासून खोड आहे, आणि या दोनाचं शेपूट चांगलं बोटभर लांब होतं. पुरी हातात धरून मी त्याच्याकडे बघत राहिले.

शेजारी माझे मार्गदर्शक सरपोतदार सर मांडी घालून बसले होते. त्यांनी आपल्या पानावरचा कांदा उचलला, खाली वाकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "खराडे, नेहेत्यांनी पंगतीला नंबर लावलेत वाटतं. माझा एक. तुमचा दोन का?"

मी सरपंचांच्या पानाकडे मान वळवली. तीन. त्यांच्या पलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यांच्या पुऱ्यांच्या कडेनं चाराचं टोक बाहेर डोकावत होतं. पाच स्पष्ट दिसत होता. पुढचं मला बघायची गरज नव्हती. केळीच्या बागेच्या कडेला, एका लांब ओळीत वीस पानं मांडलेली होती आणि त्या वीस पानांवर वीस माणसं माझा प्रयोग जेवत होती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, कराडकडची, कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.ला आणि स्वभावानं तापट. तापट अजूनही आहे, पण आता बोलायच्या आधी मोजते. ते कसं शिकले त्याचीच ही हकीकत आहे.

माझा प्रयोग ऐकायला सोपा होता. केळ निसवली, म्हणजे तिचं केळफूल बाहेर पडलं, की तिला पुढे नवं पान फुटत नाही. तेव्हा अंगावर जेवढी पानं असतील तेवढ्यांवरच तिला सगळा घड पोसायचा असतो. मग घड नीट भरायला किती पानं लागतात? रावेरकडच्या एका गावात आप्पा नेहेत्यांनी मला त्यांच्या बागेतली चाळीस झाडं दिली होती. शेवरीच्या कुंपणाआड दोन ओळी. एका ओळीतल्या वीस झाडांवर मी बारा-बारा पानं ठेवली, दुसरीतल्या वीस झाडांवर फक्त चार-चार. बाकीची विळ्यानं उतरवली. मग घड उतरेपर्यंत रोज पानांची मोजणी आणि दर आठवड्याला मोजमाप. बारांच्या ओळीत प्रत्येक झाडाच्या एका नमुन्याच्या पानावर, वरच्या अंगाला, झाडाचा नंबर रंगवला होता, म्हणजे दर वेळी तेच पान मोजलं जाईल.

सोपं, पण माझ्या नशिबी काही सोपं नव्हतं. आदल्या वर्षीचा प्लॉट जूनच्या वादळानं एका दुपारीत झोपवला होता. सत्तर झाडं घडांसकट आडवी. सरपोतदार सरांनी तेव्हाच बजावलं होतं, "खराडे, निसर्गाला मी नोटीस देऊ शकत नाही, तुम्हाला देतो. पुढचा प्लॉट गेला तर प्रयोग बंद आणि समितीत तुमचं नाव मी पुन्हा नेणार नाही." शिष्यवृत्ती मार्चला संपत होती. वडिलांचं पत्र दर पंधरा दिवसांनी यायचं, त्यात प्रयोगाची चौकशी एका ओळीत आणि स्थळांची दोन पानांत असायची. ही चाळीस झाडं जानेवारीअखेर नीट उतरली तर मी एम.एस्सी. होणार होते. नाही उतरली तर मी कुणाच्या तरी घरी पोहे घेऊन बाहेर येणार होते.

म्हणून मी आप्पांना पहिल्याच दिवशी चार माणसांदेखत सांगितलं होतं, "या दोन ओळींतलं एकही पान कोणी तोडायचं नाही. लग्न असो, पूजा असो, काही असो."

"म्या सांगतो ना बाई समद्यायले," आप्पा म्हणाले होते. "कोनी हात लावला तं हात मोडून ठेवतो."

आणि त्यांनी खरोखर सगळ्या गावाला सांगितलं. फक्त ते सांगताना "बाई पानं मोजते" हे असं काही सांगितलं की बागेवरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून मला विचारायचा, "किती झाली वं बाई आज?" बारा, मी म्हणायचे. काल? कालही बारा. "मंग रोज काहून मोजता?"

कसं सांगायचं? मी सांगायचा प्रयत्न केला. खरंच केला. एका संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर बसून मी तासभर घसा कोरडा केला. म्हटलं, आप्पा, झाड जमिनीतून जेवण घेत नाही. झाड आपलं जेवण स्वतः करतं, पानात. पानाला खालून बारीक बारीक भोकं असतात, त्यातून ते हवा आत घेतं. मुळं पाणी वर पाठवतात. आणि पानातला जो हिरवा रंग आहे तो उन्हाला धरतो. त्या उन्हावर हवा आणि पाणी यांची साखर होते. तीच साखर घडात जाते. तुम्ही जे केळं खाता ते ऊन, पाणी आणि हवा आहे.

आप्पा शांतपणे ऐकत होते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"आन ट्रॉल्यानं शेणखत टाकतो आमी, ते?"

"ते मीठ-मसाला, आप्पा. लागतं, पण थोडं. पीठ हवेतूनच येतं."

आप्पांनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "द्वारके, आयकलं का? पीठ हवेतून येते म्हने! उद्यापासून दळन बंद!"

ओट्यावरची सगळी मंडळी हसली. मीही हसले, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठ महिने मी त्या गावात राहत होते, आप्पांच्याच घरामागच्या खोलीत. आठ महिन्यांत त्या गावातल्या एकाही माणसाला मी एक साधी गोष्ट पटवू शकले नव्हते. कॉलेजात याच विषयावर मला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

द्वारकामावशी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, हसल्या नव्हत्या. त्या मुळात फारशा हसत नसत. गावात कुठलीही पंगत असली की वाढप त्यांच्या हाताखाली. शंभर पानांचा अंदाज त्या नजरेनं घ्यायच्या आणि तो चुकायचा नाही. त्यांच्या पंगतीत सरपंचाला जेवढी पुरी तेवढीच सालदाराला. कुणाला जास्त, कुणाला कमी, असा पंक्तिप्रपंच त्यांना खपत नसे. एकदा सख्ख्या जावयाला कुणी तुपाची दुसरी धार आधी वाढली, तर त्यांनी तुपाचं भांडंच काढून घेतलं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी चहा घेत होते तेव्हा त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "ते पानाचं काय सांगत होती तू काल?"

मला पुन्हा सांगायचा कंटाळा आला होता. तरी सांगितलं, थोडक्यात, त्यांच्या समोरच्या वस्तू दाखवून. "मावशी, पान म्हणजे झाडाची चूल. ऊन म्हणजे जाळ. पाणी खालून येतं, हवा बाहेरून. चुलीवर साखर शिजते आणि खाली घडाला वाढली जाते."

"मंग रात्री?"

"रात्री जाळ नाही, चूल बंद. पण दिवसा केलेलं रात्रीसुद्धा घडाकडे जात राहतं."

मावशींनी भाकरी उलटली. "आन ज्याले तू चारच पानं ठेवले?"

"त्यांच्याकडे चारच चुली. घड तेवढाच मोठा, पण शिजवायला चारच चुली. त्यांची केळी बारीक राहतील."

"यायले उपाशी काहून ठेवलं?"

"उपाशी नाही ठेवलं मावशी, प्रयोग आहे तो."

नंतर मी दोनदा त्यांना चार पानांच्या ओळीत उभं राहिलेलं पाहिलं, हातात रिकामी बादली, मान वर. मी मनात म्हटलं, झालं, आता या बाई त्या झाडांना दूधभात भरवणार. या ओळीत काही ओतू नका, असं मी त्यांना बादलीवरून टोकलं. एवढंच टोकलं. पानं तोडू नका हे मात्र त्यांना सांगितलं नाही. मनाई मी आप्पांना सांगितली होती, आप्पांनी गावाला, आणि शास्त्र मी द्वारकामावशींना. घरच्या बाईला वेगळं काय सांगायचं, असं मला वाटलं असावं. खरं तर काही वाटलंच नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर प्लॉट बघायला आले. घड अर्धेअधिक भरले होते. चारांच्या ओळीतली केळी आत्ताच बोटाएवढी बारीक दिसत होती आणि बारांच्या ओळीतली मनगटासारखी; कुणालाही डोळ्यांनी फरक कळावा. सर स्टेशनवर उतरणार म्हणून मी पहाटेच्या गाडीनं आणायला गेले होते. आप्पांनी माझ्या सरांसाठी, न विचारता, बागेत भरताची पंगत ठरवली होती. थंडीच्या दिवसांत खानदेशात पाहुण्याला याहून मोठा मान नाही. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजलेली, मिरची-लसणाबरोबर ठेचलेली, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या, पुऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा धूर अजून निघत होता आणि पंगत मांडून तयार होती.

"आधी जेवन, मंग झाडं," आप्पांनी सरांचा हात धरून पहिल्या पानावर बसवलं. मला दुसऱ्या. "पोरीचे सर म्हंजे आमचे व्याही," असंही काहीतरी म्हणाले आणि सर हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, जमलं. जेवण होईल, सर ओळी बघतील आणि जमलं.

मग मी भरीत बाजूला सारलं.

दोनाचा आकडा बघितल्यावर माझ्या कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं. सर काहीतरी विनोद करत होते. सरपंच वाकून आपला तीन बघत होते आणि "माहा तिसरा नंबर" म्हणून ओरडून सांगत होते. पलीकडून कुणीतरी "माहा बारावा" म्हणून ओरडलं. पंगतीला मजा वाटायला लागली होती. द्वारकामावशी पुऱ्यांची टोपली घेऊन माझ्यासमोर आल्या आणि दोन पुऱ्या वाढायला वाकल्या.

"ही पानं कुठून आणली?" मी विचारलं.

"बागेतून."

"कुठल्या झाडांवरून?"

"तुह्या ओळीतून," मावशी म्हणाल्या. "तिकडच्या बागेतले वाऱ्यानं फाटेल आहे समदे. पाहुन्याले फाटेल पान..."

मी उठले. भरल्या पानावरून उठले. एक घासही न घेता. पंगतीतले हात थांबले, कारण भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "दोन वर्षांचं माझं काम तुम्ही कापून पंगतीला मांडलंत. ओरडून ओरडून सांगितलं, हात लावू नका. आठ महिने समजावतेय, पान म्हणजे काय असतं. कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरणारही नाही. तुम्हाला फक्त खायचं कळतं!"

आप्पा हात बांधून उभे होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ते मावशींकडे वळले, "तुनं त्या ओळीतले कापले?" टोपली कमरेवर धरून मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी तिथून चालत सुटले ते थेट खोलीवर आले आणि दार लावून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

तासाभरानं सरांनी दारावर टकटक केलं. ते जेवून आले होते. मिशांना भरताचा वास होता.

"खराडे, मी ओळ लांबून पाहिली. सगळ्या झाडांवर ताजे काप दिसतात. तुमचं नियंत्रण, तुलनेची ओळच, गेलं. नमुन्याचं पानही गेलं." त्यांनी घड्याळात पाहिलं. "माझी गाडी चारची आहे. उद्या झाडांवरच्या चकत्या काढा, नोंदवही बंद करा आणि या. समितीला मी कळवतो. आणि हे बघा, त्या लोकांशी तुम्ही जे बोललात ते बरोबर नव्हतं."

"सर, पण चूक त्यांची..."

"असेल. पण जेवण चांगलं होतं," सर म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावरून खाली उतरले तेव्हा आप्पा माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही.

"तुमच्या चकत्या घेऊन जा बाई," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "वीस मानसं व्हती पंगतीत. वीस मानसायसमोर."

मी बागेत गेले. ऊन नुकतंच शेवरीवरून आत येत होतं. प्रत्येक झाडाला पत्र्याची चकती सुतळीनं बांधलेली होती, ती कापायची आणि पिशवीत टाकायची एवढंच काम होतं. पहिल्या झाडापाशी उभी राहिले, आणि हात आपोआप नोंदवहीकडे गेला. आठ महिन्यांची सवय. झाडापाशी आलं की पानं मोजायची. बंद करायची तर बंद करू, म्हटलं, शेवटचा आकडा तरी खरा लिहू.

पहिलं झाड. वरून खाली. अकरा.

दुसरं झाड. अकरा.

तिसरं मी दोनदा मोजलं. अकरा. चौथं अकरा, पाचवं अकरा. सहाव्यापासून मी धावायला लागले. ओळीच्या शेवटापर्यंत पोचले तेव्हा मला धाप लागली होती आणि नोंदवहीत एकाखाली एक वीस वेळा अकरा लिहिलेलं होतं. वीस झाडांवरून एकेक पान. कुठे दोन नाही, कुठे शून्य नाही. मग मी शेजारच्या ओळीत घुसले. चार, चार, चार, चार. तिथे कुणी बोटही लावलं नव्हतं.

मी तिथेच बांधावर बसले. डोकं हळूहळू चालायला लागलं. बारांच्या ओळीत सगळ्या झाडांवर आता सारखीच अकरा होती, एकाच दिवशी, सारख्याच जागची उतरवलेली. चारांच्या ओळीत चार. प्रयोग मोडला नव्हता. फक्त त्याचा आकडा बदलला होता. आणि मी काल पंधरा पावलांवर असलेल्या या ओळीत यायच्या ऐवजी सगळ्या पंगतीवर ओरडून खोलीत जाऊन रडले होते.

"झाले का मोजून?"

द्वारकामावशी मागे उभ्या होत्या. हातात झाकलेलं काहीतरी होतं.

"मावशी," मी म्हणाले, "सगळ्यांवरून एकेकच का काढलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "मंग? वीस झाडं, वीस पाहुने. एकाचे दोन काढायचे आन दुसऱ्याचं काहीच नाई, असं कसं?"

"आणि तिसरंच पान? सगळ्यांवरून वरून तिसरं?"

"वरचे दोन कोवळे राहते. ऊन ऊन भरीत ठेवलं का फाटते. खालचे निबर. तिसरं बरोब्बर." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "काहून? तुमच्या पुस्तकात कोनतं सांगेल आहे?"

"तिसरं," मी म्हणाले. आमच्या पुस्तकातही नमुन्यासाठी वरून तिसरंच पान घ्यायला सांगितलेलं आहे. ना फार कोवळं, ना जून.

मावशींनी मान हलवली. पुस्तकाबद्दल त्यांचं मत जरा बरं झालेलं दिसलं.

"तो लाल रंग पुसून पाहला म्या, निंघे ना. म्हनलं पोरीचं काही असन, राहू दे."

"पण मावशी, शेजारच्या ओळीतूनही काढता आली असती पानं. तीही फाटलेली नाहीत."

आता मात्र त्या चिडल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला.

"तूच तं सांगे ना चुलीजवळ बसून! पान म्हंजे झाडाची चूल. त्यायच्याकडे चारच चुली, आन घड तेवढाच मोठा. मंग ज्याच्या घरी चार चुली त्याची एक उचलून पाहुन्यायले मांडू का मी? अवं, लेकरं उपाशी मरतीन त्याचे! इकडे बारा व्हत्या. बारातली एक गेली तं निभते. म्हनून बारातली घेतली." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "काल तू म्हने, कोनाच्याच डोक्यात काही शिरलं नाई. आप्पाचं मले माहीत नाई. पन मले तं सांगेल व्हतं तू."

आठ महिने मी त्या गावावर चिडत होते की इथे कुणी ऐकत नाही. एका बाईनं ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, मनात ठेवलं होतं आणि पंगतीची पानं कापताना त्याप्रमाणे विळा चालवला होता. आणि तिच्याच तोंडावर मी म्हटलं होतं, तुम्हाला फक्त खायचं कळतं.

"मावशी, मी काल जे बोलले..."

"ते मंग. आधी बस."

त्यांनी हातातलं खाली ठेवलं आणि वरचं ताट काढलं. आत केळीचं पान होतं, चारी बाजूंनी दुमडलेलं. त्यांनी ते उलगडलं. कालचंच भरीत, कालच्याच दोन पुऱ्या. कडेला दोनाचं लांब शेपूट.

"उष्टं नाई ते. तू घास घेयेल नव्हता," मावशी म्हणाल्या. "भरल्या पानावरून उठली. आता त्याच पानावर बस. भरीत शिळं चांगलंच लागते."

मी बांधावर मांडी घातली आणि जेवले. पुऱ्या चिवट झाल्या होत्या. मावशी समोर उभ्या राहून, मी शेवटचा घास खाईपर्यंत, चारांच्या ओळीकडे बघत होत्या.

"माफ करा," मी हात धुतल्यावर म्हणाले.

"मले काय सांगते. ते वीस मानसं व्हते."

त्याच दुपारच्या गाडीनं मी कॉलेजात गेले. सरपोतदार सर व्हरांड्यात भेटले. मी नोंदवही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वीस अकरा वरपासून खालपर्यंत वाचले. मग चारांचे वीस वाचले.

"सगळ्यांवर अकरा? नक्की?"

"मोजलंय, सर. एकेक झाड."

"मग चालेल. पासष्टाव्या दिवशी एक पान कमी, असं स्वच्छ लिहा. नमुन्याला पुढचं पान धरा." ते नोंदवही परत देता देता थांबले. "काल का नाही मोजलंत?"

मी नोंदवही पिशवीत घातली. सरांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यांच्याच समोर मी ठरवलं, कानाला खडा.

जानेवारीच्या शेवटी घड उतरले. आप्पा तोवर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. घड उतरवायच्या दिवशी मी स्वतः घरोघर जाऊन त्या पंगतीतल्या बाकी अठरा माणसांना बोलावलं. सर येऊ शकले नाहीत, त्यांच्या जागी त्यांनी त्यांच्या मदतनिसाला पाठवलं. काट्यावर पहिला घड चढला तो अकरांच्या ओळीतला, मग चारांच्या ओळीतला, आणि काटा कुठे थांबतो ते सगळ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. चारांच्या ओळीतला घड अर्ध्याच्या आसपास भरला. दुसरी जोडी, तिसरी जोडी, तेच.

"खत तं दोघायले सारखंच देल्लं व्हतं," आप्पा शेवटी म्हणाले. "पानी सारखंच. मंग हा फरक..." त्यांनी वर पाहिलं, उन्हाकडे, आणि माझ्याकडे पाहिलं. "हवेतूनच येते का मंग पीठ?"

"हवेतूनच, आप्पा."

त्या दिवशी पंगतीला मी वाढलं. घड उतरलेल्या झाडांची पानं आता कुणीही घ्यावीत अशी होती. द्वारकामावशींनी टोपली माझ्या हातात दिली आणि माझ्या मागे मागे चालत राहिल्या, कुणाला एक पुरी कमी पडली की मागून बोट टोचायच्या. ओळीच्या शेवटी पोचल्यावर मी सगळ्यांसमोर टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं, चूक माझी होती, मला माफ करा. सरपंच तोंडात घास असताना म्हणाले, "जाऊ द्या बाई, माहा तिसरा नंबर आला व्हता, मी तं खूश होतो," आणि पंगत हसली. आप्पाही हसले.

प्रबंध मार्चमध्ये बांधून तयार झाला. अजूनही कपाटात आहे. पुढे मी तीस वर्षं याच विषयावर शिकवलं आणि दरवर्षी एखादी मुलगी किंवा मुलगा तो प्रबंध चाळून प्रश्न घेऊन यायचाच. तक्त्यात एका बाजूला चार पानं आहेत, ते समजतं. दुसऱ्या बाजूला पहिले दोन महिने बारा आणि मग एकदम सगळ्या झाडांवर अकरा. मॅडम, बारावं पान कुठे गेलं?

मी त्यांना खरं ते सांगते. वीस झाडांची वीस पानं पाहुण्यांच्या पुढ्यात मांडली होती. त्यातलं दुसऱ्या झाडाचं माझ्या पुढ्यात होतं, आणि मी त्यावरून उठले होते.